दोन कागद

रक्त काढलं ते साखर बघायला, असं मी समजले.
रत्नमाला मॅडमनी दार लोटलं,
पंखा बंद केला, कागद उडू नयेत म्हणून,
आणि मला खुर्चीवर बसवलं.
गावात मला खुर्चीवर कोणी बसवत नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं.

घाटंजीहून परतताना
खिडकीबाहेर तूर पिवळी झालेली
आणि मला चिंच खावीशी वाटली.
लाज वाटली त्या चिंचेची.
एवढं ऐकून आलेल्या बाईला डोहाळे लागतात का?
लागतात.
तुला कुठं काही ऐकू गेलं होतं.

त्याची तपासणी पुढच्या सोमवारी.
बोअरच्या गाडीवर आठ-आठ महिने परमुलखात असतो तो.
मी विचारलं नाही,
त्यानं शपथ घातली नाही.
लग्नात एकमेकांना घास भरवले होते,
आता एका डब्यातल्या दोन गोळ्या,
रात्री नऊला, फोन वाजला की.
डबा मोहरीचा.
बुढीला सांगितलं, रक्तवाढीची आहे.
"मंग त्याले काऊन?"
त्यालाही रक्त कमी आहे, म्हटलं.

सातव्यात ओटी भरली.
झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या, पेढा की बर्फी.
मी उघडली ती बर्फी निघाली. बायका हसल्या.
तिसरी वाटी त्यांना दिसली नाही.
ती दीड वर्ष झाकलेलीच राहायची होती.

यवतमाळला, मे महिन्यात,
नर्सनं हातमोजे घातले, एकावर एक.
कळा मोजायच्या सोडून मी तेवढंच मोजलं.
मग दुसरी कोणी आली,
तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं,
तिनं उघड्या हातानं माझा घाम पुसला.

तुझ्या जिभेवर आधी औषधाचा थेंब, मग दूध.
गोळी चुकवू नको, मॅडम म्हणाल्या,
आणि निव्वळ अंगावरचंच पाज, पाणीसुद्धा नको.
पहिल्यांदा पाजलं ते डोळे मिटून,
अंधारात विहिरीत पोहरा सोडावा तसं.
बुढी मधाचं बोट घेऊन आली.
मी तिचा हात धरला.
त्या घरात माझं ते पहिलं नाही.

पाचवीला तिनं पाटा मांडला,
कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं
टोपण काढून, सटवाईला खोळंबा नको.
मी रात्रभर जागी.
सकाळी कागद कोराच. कोराच असतो.

दीड महिन्यानं दुसरा कागद.
जाड, त्यावर गोल छापलेले.
तुझी टाच टोचली. तू रडलीस,
मी गोलांकडे बघत राहिले:
थेंब रेषेबाहेर जाऊ नये,
लिहिणाऱ्याला नीट वाचता यावं.

मॅडम हसत होत्या म्हणून समजलं की चांगलं आहे.
पण खाली पेनानं लिहिलेलं:
पुन्हा सहाव्या महिन्यात, पुन्हा वर्षानं, पुन्हा दीड वर्षानं.
ओल्या रंगाची भिंत तो आनंद.
टेकायचं नाही.

एका रात्री लाइट नव्हती, फोन मेलेला.
शेवटची एस.टी. फाट्यावर वळली
तशी बुढी अंधारातून म्हणाली,
"नऊ झाले व. दोघंबी घ्या."
मोहरीचा डबा तिनंच सरकवला.
तिला माहीत आहे का?
मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.

तूर पुन्हा पिवळी आहे.
सोमवारी तुला घेऊन जायचं, शेवटच्या सुईला.
फोन वाजतो, तू लोटी उचलतेस,
अर्धं पाणी सांडत येतेस,
चूल, पाटा, बुढीचे पाय, सगळं भिजवत.
उरलेल्यात गोळी उतरते.